फटफटीचा न सुटणारा ब्रेक

पावसानें चार दिवस झड धरावी, पांचव्या दिवशीं ऊन पडावें, आणि पुण्याच्या एखाद्या पेठेंतील जुन्या वाड्याच्या बोळांतून घरांतील तरुणानें आपली मोटारसायकल बाहेर काढावयास घ्यावी, तों ती जागची हलूं नये, हा अनुभव पुष्कळ घरांना आलेला असेल. गिअर सुटलेला असतो, ढकलणारा घाम गाळीत असतो, आणि गाडी मात्र हट्टी बैलाप्रमाणें पाय रोवून उभी असते. शेवटीं एक जोराचा हिसका देतांच मागील चाकांतून ‘कट्’ असा आवाज होतो व गाडी चालूं लागते. गंज सुटला, असें तरुण मनाशीं म्हणतो. आणि कचेरीची वेळ झालेली असल्यामुळें विषय तेथेंच संपतो.

परंतु विषय संपलेला नसतो. त्या आठवड्यांत पेट्रोल नेहमींपेक्षां लवकर संपतें. सिग्नलपाशीं थांबल्यावर जळक्या वासाची एक झुळूक नाकाशीं येऊन जाते. ब्रेक लावला नसतांही मागचा तांबडा दिवा भर दुपारीं जळत असतो, आणि मागून येणारा एखादा भला माणूस तें सांगून पुढें जातो. ब्रेक तपासून घे, असें वडिलांनीं सुचविलें तर त्या तरुणाचें उत्तर तयार असतें : “ब्रेक अगदीं उत्तम आहे. जरा जास्तच धरतो, येवढेंच.” या उत्तरांत एक मोठी चूक दडलेली आहे, आणि तिचाच येथें विचार करावयाचा आहे.

ब्रेक म्हणजे धरणारें यंत्र, अशी सर्वांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. ब्रेकचें अर्धें काम धरण्याचें आणि अर्धें काम सोडण्याचें. आणि या दोन कामांना मिळणारें बळ मुळींच सारखें नाहीं. धरण्याच्या कामीं माणसाच्या हातापायांचा जोर असतो, व तोही तरफेच्या किंवा तेलाच्या दाबाच्या साह्यानें अनेक पटींनीं वाढविलेला असतो. सोडण्याचें काम मात्र बिचाऱ्या दोन लहान स्प्रिंगांकडे सोंपविलेलें असतें. पुढच्या चाकाच्या डिस्क ब्रेकमध्यें तर तेवढ्याही स्प्रिंगा नसतात. तेथें पिस्टनभोंवतीं बसविलेलें रबराचें एक चौकोनी कडें दाबाखालीं किंचित् पिळलें जातें, आणि दाब जातांच तें पूर्ववत् होतांना पिस्टनला केसभर मागें ओढून घेतें. सारी सुटका त्या केसभर हालचालीवर अवलंबून असते. तेव्हां थोडा गंज, थोडी माती, वाळून घट्ट झालेलें थोडें ग्रीस, येवढेंही त्या दुबळ्या बळाला अडवून धरण्यास पुरेसें होतें. म्हणून न सुटणाऱ्या ब्रेकचा दोष शोधतांना ‘अडवणूक कोठें वाढली’ हा एकच प्रश्न सतत डोळ्यांपुढें ठेवावा. शिकाऊ माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका हा प्रश्न विसरल्यामुळेंच होतात.

वर सांगितलेल्या तरुणाचीच गोष्ट पुढें चालवूं. त्याची गाडी आठ-दहा वर्षांची जुनी. पुढें डिस्क, मागें ड्रम, अशा नेहमींच्या बनावटीची. रविवारीं आईला मागें बसवून जेजुरीस न्यावयाचें ठरलें होतें. पुण्याहून जेजुरीस जातांना दिवे घाट चढावा लागतो आणि येतांना तोच उतरावा लागतो. गुरुवारीं सायंकाळीं घरीं आल्यावर मागच्या चाकाच्या तुंब्यापाशीं त्याचा हात सहज गेला, तों चटका बसला. शेजारच्या गृहस्थांनीं ताबडतोब उपाय सांगितला : “मागचा नट चार फेरे ढिला कर, म्हणजे झालें.” तसें केल्यावर चाक थोडें मोकळें फिरूं लागलें, आणि सर्वांचें समाधान झालें.

हा उपाय इतका लोकप्रिय आहे कीं त्यांतील खोट दाखविणें अवश्य आहे. ड्रम ब्रेकमध्यें अर्धचंद्राकृति दोन ‘शू’ असतात. एका टोंकास ते खुंटीवर टेकलेले असतात. दुसऱ्या टोंकांच्या मध्यें एक चपटा कॅम असतो. पायाचें पेडल दाबलें कीं सळई ओढली जाते, सळईनें बाहेरची तरफ फिरते, तरफेबरोबर कॅमचा दांडा फिरतो, आणि तो आडवा झालेला कॅम दोन्ही शूंना फांकवून ड्रमच्या आंतील भिंतीवर दाबतो. पाय काढल्यावर स्प्रिंगांनीं शू मिटावयाचे व त्यांनीं कॅमला परत फिरवावयाचें. आतां कॅमचा दांडा ज्या भोंकांतून आंत जातो तेथें पाण्यानें गंज धरला असेल, तर पायाच्या जोरानें तो फिरेल, पण स्प्रिंगांच्या जोरानें परत फिरणार नाहीं. नट ढिला केल्यानें पेडलला नुसती मोकळीक मिळते. अडकलेला दांडा अडकलेलाच राहतो. परिणाम असा कीं, पूर्वीं ब्रेक फक्त सुटत नव्हता, आतां तो लागतोही उशिरा. एका दोषाचे दोन दोष झाले, आणि तेही दिसेनासे झाले.

या ब्रेकचा इतिहास लहानसा पण गमतीचा आहे. ड्रमच्या आंतून शू दाबण्याची युक्ति मोटारीवर आणण्याचें श्रेय १९०२ सालीं फ्रान्सच्या लुई रेनो याला देतात; आणि त्याच १९०२ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें तबकडी दोन बाजूंनीं चिमटण्याच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. म्हणजे ड्रम जुना व डिस्क नवा, असें लोक समजतात तें तितकेंसें बरोबर नाहीं. मोठ्या संख्येनें बनणाऱ्या मोटारसायकलीवर तेलाच्या दाबानें चालणारा डिस्क ब्रेक येण्यास मात्र १९६९ साल उजाडावें लागलें; ती गाडी होंडाची सीबी ७५० होय.

असो. शनिवारीं सुट्टी होती. तरुणानें गाडी अंगणांत डबल स्टँडवर घेतली, पुढच्या चाकाला वीट लावली, आणि पाने बाहेर काढले. येथेंच थोडें थांबावें. चाक जड फिरतें येवढ्यावरून दोष ब्रेकचाच, असें ठरत नाहीं. साखळी फार ताणलेली असली किंवा बेअरिंग खराब झालें असलें तरी चाक जड जातें. म्हणून कांहींही खोलण्यापूर्वीं पेडल हातानें दाबून सोडावें आणि एकेक दुवा पाहत जावें. पेडल स्वतः झटकन् वर येतें काय ? येत नसेल, तर त्याच्या आंसाला चिखल व गंज लागला आहे. पुष्कळदां सारा आजार येथेंच असतो, आणि तांबड्या दिव्याचें न विझणेंही बहुधा यामुळेंच असतें. पेडल वर आलें, पण ड्रमवरची तरफ मागें राहिली, तर सळईवरील नट पुरा ढिला करून तरफ हातानें पुढें-मागें फिरवून पाहावी. ती कुरकुरत, अडत फिरली आणि सोडल्यावर जेथल्या तेथें राहिली, तर कॅमचा दांडा सुकला आहे हें निश्चित समजावें. तरफ सुटून मोकळी झाली आणि तरीही चाक जडच राहिलें, तर साखळी व बेअरिंग यांकडे वळावें. चाक एका ठराविक जागीं अडतें आणि बाकीच्या फेऱ्यांत मोकळें असतें, अशा वेळीं ड्रमचा गोलपणा गेलेला असण्याचा संभव असतो; तें काम घरचें नव्हे.

या गाडींत तरफ अडत होती. चाक काढणें प्राप्त झालें.

चाक काढण्याचें भय नवशिक्याला फार वाटतें, आणि तें भय अगदींच अस्थानीं नाहीं. कारण चाक काढणें सोपें, पण निघालेले तुकडे पुन्हां त्याच क्रमानें बसविणें कठीण. त्यावर उपाय साधा आहे. जुनें वर्तमानपत्र जमिनीवर पसरावें आणि जो तुकडा जसा निघेल तसा डावीकडून उजवीकडे ओळींत ठेवीत जावा : सळईवरील नट, त्याखालची लहान गोल खुंटी, स्प्रिंग, मग ब्रेकची ताटली जागेवर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीचा बोल्ट, मग एक्सलचा नट, एक्सल, आणि त्यावरील नळकांडीं. कांहीं गाड्यांत साखळी उतरवावी लागते. कांहींत दंतचक्र जागेवर राहून चाक तेवढें बाहेर येतें. हल्लीं प्रत्येकाजवळ फोन असतो. प्रत्येक पायरीला त्यावर एक छायाचित्र घेतल्यास वर्तमानपत्राहूनही चांगलें काम होतें.

ताटली बाहेर काढल्यावर आंत काळी भुकटी दिसते. ती तोंडानें फुंकूं नये, ब्रशानें उडवूं नये. जुन्या काळच्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसांना किती घातक आहे हें आतां सर्वांना ठाऊक आहे. लायनर नवा असला तरी धूळ ती धूळच. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें, व नाकावर पट्टी असावी.

शू काढण्याची एक खुबी आहे. स्प्रिंगा पेचकसानें उचकटूं नयेत. त्या उडतात आणि डोळ्याशीं येतात. दोन्ही शू दोन हातांनीं धरून, पुस्तक मिटावें तसे एकमेकांकडे दुमडीत बाहेर ओढावेत, म्हणजे स्प्रिंगांसकट अलगद निघतात. लायनर किती उरला आहे तें पाहावें. दोन मिलिमीटरांच्या सुमारास आला असेल तर दोन्ही शू नवे घ्यावेत. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत नेमका आंकडा असतो, तोच प्रमाण मानावा. ती पुस्तिका बहुतेक घरांतून देवघरांतील पोथीप्रमाणें प्लॅस्टिकच्या वेष्टनांत सुरक्षित असते, आणि पोथीइतकीच क्वचित् उघडली जाते.

आतां मुख्य काम. तरफ दांड्यावरून काढण्यापूर्वीं दोहोंवर मिळून एक खूण करावी. कित्येक गाड्यांत ठिपक्याची खूण मूळचीच असते. तरफ एक दांता इकडे-तिकडे बसली तर पुढचें सारें जुळविणें वांकडें जातें. खूण झाली कीं तरफेचा बोल्ट सोडवून दांडा आंतील बाजूस ठोकून काढावा. मात्र हातोडीखालीं लांकडाचा तुकडा असावा. त्या तरुणानें दांडा काढला तेव्हां त्यावर तांबूस गंजाचें कवच आणि मूळच्या ग्रीसचा मेणासारखा घट्ट थर होता. दहा रुपयांच्या काचकागदानें हलकेंच घांसून, रॉकेल लावून तो लखलखीत केला. तसेंच भोंकही आंतून स्वच्छ केलें. मग उष्णता सोसणारें ग्रीस बोटाच्या टोंकावर येईल इतकेंच घेऊन दांड्यावर, कॅमच्या दोन चपट्या बाजूंवर आणि खुंटीवर चोळलें. येथें उदारपणा उपयोगी नाहीं. जास्त झालेलें ग्रीस उष्णतेनें वितळून लायनरवर येतें, आणि मग न सुटणारा ब्रेक न धरणारा होतो. दांड्याभोंवतीं नमद्याची जी चकती असते ती तेलांत बुडवून परत बसवावी. पावसाचें पाणी आंत न जाऊं देणारा पहारेकरी तोच आहे, आणि तो वाळला म्हणूनच हा प्रसंग आला होता.

चाक बसवितांना आणखी एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. एक्सलचा नट पुरा आवळण्यापूर्वीं पेडल दाबून धरावें, आणि तें दाबलेलें असतांनाच नट आवळावा. त्यामुळें शू ड्रमच्या बरोबर मध्याशीं बसतात आणि एका बाजूनें घांसण्याचा दोष राहत नाहीं. साखळीच्या दोन्ही अंगांच्या खुणा सारख्या असाव्यात. आडव्या पट्टीचा बोल्ट तर अगदीं न विसरतां बसवावा, आणि त्यांतील दुफांटी पिन नवी घालावी. ती पट्टी सुटली तर ब्रेक लावतांच संपूर्ण ताटली चाकाबरोबर गरकन् फिरेल व चाक अडकेल. शेवटीं पेडल दोन ते तीन सेंटिमीटर दाबल्यावर ब्रेक लागूं लागेल इतपत सळईवरील नट फिरवावा. एवढें झाल्यावर त्या तरुणानें हातानें चाक फिरविलें, पेडल दाबलें, सोडलें. तरफ टप्कन् मागें आली. आई ओसरीवर गहूं निवडीत बसली होती. “झालें का रे ?” तिनें विचारलें. “झालें,” तो म्हणाला.

तें पुरें झालें नव्हतें. पुढचें चाक पाहावयाचें राहिलें होतें.

डिस्क ब्रेकचें चाक फिरवितांना पॅडांचा हलका ‘सर्र’ असा आवाज येतो, तो स्वाभाविक आहे. त्याला दोष मानूं नये. परंतु मागच्या बाजूवर धाकट्या भावाला बसवून पुढचें चाक उचललें आणि ब्रेकची दांडी दोन-चार वेळां दाबून सोडली, तेव्हां चाक अर्धा फेराही फिरेना. येथें दोष दोन ठिकाणीं असूं शकतो. एक, खालीं कॅलिपरमध्यें : पिस्टनवर मळ बसलेला, किंवा ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या सुकलेल्या. दुसरा, वर हँडलपाशीं मास्टर सिलिंडरमध्यें. तेथें तेलाच्या डबीकडे जाणारें सुईच्या टोंकायेवढें एक छिद्र असतें. दांडी सोडल्यावर दाबलेलें तेल त्यांतून डबींत परततें. तें छिद्र बुजलें, किंवा दांडी पुरती मागें न आल्यामुळें झांकलेलें राहिलें, तर तेल खालीं कोंडलेलें राहतें.

दोहोंपैकीं कोणता दोष हें ओळखण्याची एक परीक्षा आहे. कॅलिपरवरील हवा काढण्याच्या लहान स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींत सोडावें आणि तो स्क्रू पाव फेरा सैल करावा. थेंबभर तेल उसळून चाक तत्काळ मोकळें झालें, तर दाब वरून कोंडलेला होता; चाक तसेंच अडलेलें राहिलें, तर दोष कॅलिपरमध्येंच आहे. स्क्रू लगेच आवळावा. तो उघडा असतांना दांडीला हात लावूं नये. ब्रेकचें तेल रंग खातें, म्हणून सांडलेला थेंब ताबडतोब पाण्यानें धुवावा.

दोष कॅलिपरमध्यें निघाला, तर नवशिक्यास बरेंच करतां येतें. कॅलिपर उतरवून सरकत्या पिना पुसाव्यात व रबराला चालणारें सिलिकोन ग्रीस लावावें. पिस्टनचा बाहेर आलेला भाग दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें साबणाच्या पाण्यांत धुऊन, वाळवून, बोटांनीं हळूच मागें दाबावा. पेट्रोल, डिझेल, एंजिनचें ऑइल यांचा रबराला स्पर्शही होऊं देऊं नये. त्यानें तें कडें फुगतें, आणि फुगलेलें कडें पिस्टनला सोडीत नाहीं. हवेच्या पंपानें पिस्टन उडविण्याचा धाडसी प्रकार कांहीं लोक करतात. त्यांत बोटें चेंगरण्याची धास्ती असते. आणि पिस्टन मागें दाबल्यानंतर, गाडीवर बसण्यापूर्वीं, दांडी घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावी. हें विसरल्यास पहिल्या वळणावर दांडी हँडलला जाऊन टेकते व ब्रेक मुळींच लागत नाहीं.

त्या तरुणानें स्क्रू सैल केला. काळसर तेल उसळलें आणि चाक गरगर फिरलें. म्हणजे दाब वरून कोंडलेला होता. दांडीचा बोल्ट काढून, आंस पुसून, ग्रीस लावून त्यानें ती मोकळी केली, पुन्हां दाबली, पुन्हां चाक अडलें. छिद्रच बुजलेलें होतें.

अशा अवस्थेंत घाट उतरतांना काय घडतें तें समजून घेण्यासारखें आहे. पॅड घांसत राहतात, तबकडी तापते, कॅलिपरांतील तेल तापून प्रसरण पावतें. त्याला परतण्यास वाट नसल्यामुळें दाब वाढतो, पॅड अधिक घांसतात, आणि उष्णता आणखी वाढते. शेवट दोनच प्रकारचा. एक तर पुढचें चाक अडकून गाडी आडवी होते. किंवा तेल उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें ब्रेक नाहींसा होतो. नवें डॉट ३ तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये व डॉट ४ तेल २३० अंशांपर्यंत, असा दंडक आहे. परंतु हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि पुरेसा ओलावा घेतल्यावर तेच आंकडे १४० व १५५ पर्यंत उतरतात. म्हणूनच तें सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावयाचें असतें. या गाडींतील तेल विकत घेतल्यापासून बदललेलें नव्हतें.

मास्टर सिलिंडर उघडणें हें पहिल्या दिवसाचें काम नव्हे. त्यांतील रबरी वाट्या उलट्या बसल्या, किंवा नळींत हवा राहिली, तर चूक अंगणांत दिसत नाहीं. ती रस्त्यावरच दिसते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान जोड-ब्रेक सक्तीचे झाले आहेत. तशा गाड्यांत तर तेलाच्या मार्गाला हात लावण्यापूर्वीं जाणत्यालाच विचारावें. तरुण कांहीं वेळ पाना हातांत घेऊन उभा राहिला. मागचा ब्रेक स्वतः दुरुस्त केल्याचा अभिमान ताजा होता, आणि आईला शब्द दिलेला होता. मग त्यानें पाना ठेवून दिला.

रविवारीं आई स्वारगेटहून एस.टी.नें जेजुरीस गेली. तो बरोबर गेला. सोमवारीं कारागिरानें मास्टर सिलिंडर उघडला, छिद्रांतून गाळाची एक बारीक गुठळी काढली, रबरी वाट्या बदलल्या, नवें तेल भरलें. पुढच्या रविवारीं पुन्हां बेत झाला, तो मोटारसायकलीवरून. वडकीच्या अलीकडे मोकळा रस्ता पाहून तरुणानें ब्रेकला हात न लावतां गाडी आपोआप मंद होऊं दिली, कडेला उभी केली, आणि खालीं वांकून आधीं मागच्या तुंब्याला हात लावला, मग पुढच्या तबकडीजवळ, तिला न शिवतां, तळहात नेला. दोन्हीं ठिकाणीं नुसती उन्हाची ऊब होती. आईला वाटलें, पंक्चर झालें.